चोवीस सुतांचा त्रिकोण

"गुंडाळलं तर गोल, उलगडलं तर सरळ. कितीही फिरलं तरी निघालं तिथं परत येत नाही. सांग पोट्टे, काय?"

आबाजींनी हे कोडं घातलं तेव्हा मी आधीच चिडलेली होते. मला राग लवकर येतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण या गोष्टीत जे वाटोळं झालं ते माझ्या तापट डोक्यापायी झालं, आणि ते लपवून गोष्ट सांगण्यात काही अर्थ नाही.

आबाजी म्हणजे माझे आजोबा, प्रफुल्ल वाढई. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या आंबेझरी गावात त्यांचा सुतारकामाचा कारखाना आहे. साल २०६४. कारखान्यात आम्ही तिघं: आबाजी, मी केतकी, वय वर्षं बारा, आणि कोरक्या. कोरक्या माणूस नाही. तो सीएनसी राउटर आहे (आकड्यांच्या हुकमावर चालणारं, फिरत्या पात्यानं लाकूड कोरणारं यंत्र). त्याला बोलता येतं, आणि तो इतका सभ्यपणे बोलतो की कधीकधी एक ठेवून द्यावीशी वाटते.

"साप," मी म्हटलं.

"साप उलगडला तरी वाकडाच चालते," आबाजी हसले. "जा, कागद आण. आणि पिठाचा डबा आण."

त्यांनी कागदाचा एक लांबलचक काटकोन त्रिकोण कापला. त्याची तिरपी बाजू लाल पेन्सिलीनं रंगवली. मग उभी बाजू डब्याला टेकवून कागद डब्याभोवती गुंडाळत नेला. सरळ होती ती लाल रेघ आता डब्याभोवती फिरत फिरत वरून खाली उतरत होती. मी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"हे मळसूत्र (एकाच उतारानं गोल फिरत जाणारी रेषा)," आबाजी म्हणाले. "स्क्रूचे आटे पाह्य, तेच. गोल जिना पाह्य, तेच. कागद उलगडला तर नुसता उतार. त्रिकोणाची उभी बाजू म्हणजे जिना किती खोल, आडवी बाजू म्हणजे किती फिरला. एवढं समजलं का अर्धी सुतारकी आली."

"आणि उरलेली अर्धी?"

"ते बोटात राह्यते."

हे कोडं उगाच नव्हतं. गावाबाहेर चुनखडीच्या खडकात डॉ. सहारे यांची चुंबकीय वेधशाळा होत होती. जमिनीखाली सव्वातेरा फूट खोल एक गोल खोली, आणि तिच्या तळाशी चुंबकत्वमापी (पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीकसारीक बदल मोजणारं यंत्र). सूर्यावर वादळ उठलं की पृथ्वीचं चुंबकत्व थरथरतं. ती थरथर वेळेत कळली तर उपग्रह आणि विजेच्या तारा सांभाळता येतात. पण यंत्र असं नाजूक की जवळ लोखंडाचा एक खिळा आला तरी बिथरतं. म्हणून खाली उतरायचा जिना पूर्ण लाकडाचा, खुंट्या आणि सरस यांच्यावर उभा. एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही.

चोवीस पायऱ्या आबाजींच्या बसवून झाल्या होत्या. प्रत्येक पायरीवर सागवानाचा एक उभा दांडा, चोवीसही दांडे एका उंचीचे. आता फक्त त्यांच्या माथ्यावरून फिरत जाणारा, हातानं धरायचा कठडा राहिला होता. आणि घाई होती.

आबाजींना काचबिंदू आहे (डोळ्यातला दाब वाढून दिसण्याची नस वाळत जाण्याचा आजार). कडेचं सगळं दिसणं गेलं होतं. नळीतून बघावं तेवढं मधलं उरलं होतं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पोळ्यापर्यंत तेही जाईल. दोन हजार चौसष्ट साल उजाडलं, पण वाळलेली नस हिरवी करणं अजून कुणाला जमलेलं नाही.

"मले एकच पाह्यचं आहे," आबाजी म्हणायचे. "जिन्याच्या तोंडाशी उभं राहून खाली पाह्यचं. कठडा वरून कसा दिसते ते. तेवढं माझ्या नळीत मावते."

आता उभं झाड तोडायला बंदी आहे. वादळात पडलेलं झाड मिळतं, तेही एका कारखान्याला वर्षाला एकच. यंदा आमच्या वाट्याला शिसव आलं होतं. काळंभोर, जड, देखणं. आबाजी त्याच्यावरून हात फिरवत बसायचे.

मी विचारलं होतं, "एवढी रुंद फळी आहे, तिच्यातूनच गोल कठडा का नाही कापत?"

आबाजींनी कोपऱ्यातला झाडू उचलला. "लाकूड म्हणजे अशा काड्यांची जुडी. जुडी आडवी मोडून पाह्य, मोडत नाही. पण काडीपासून काडी सोडवायला किती जोर लागते? काहीच नाही. रुंद फळीतून गोल कापला तर काही ठिकाणी काड्या कठड्याच्या लांबीत येतील अन् काही ठिकाणी आडव्या. जिथं आडव्या, तिथं बिस्किटासारखा तुटंल."

म्हणून कठडा आठ तुकड्यांत करायचा ठरला. प्रत्येक तुकड्यात लाकडाच्या रेषा लांबीनं धावणार आणि तो तीन पायऱ्यांपुरता वळणार. तुकडा एकाच वेळी बाजूला वळतो, खाली उतरतो आणि थोडा पिळतोही. हातानं एक तुकडा करायला आबाजींना पूर्वी आठवडा लागायचा, आणि आता त्यांना पात्याची धारही दिसत नव्हती. कोरक्याचं पातं मात्र पुढेमागे, डावीउजवीकडे आणि वरखाली जातं, शिवाय मान दोन दिशांना वाकवतं. त्याला पाच अक्षांचं यंत्र म्हणतात (पाच प्रकारे हलू शकणारं). फक्त त्याला आकडे बरोबर द्यावे लागतात.

आकडे द्यायचं काम माझं होतं.

खोलीची गोलाई सहारे मॅडमनी लेझरनं मोजून मिलिमीटरमध्ये दिली होती. पायरीची उंची मात्र आबाजींच्या वहीत होती: सहा इंच पाच सूत. एका इंचाचे आठ सूत, हे सुताराच्या घरात चालायला लागण्याआधी कळतं. कोरक्याला समजतात फक्त मिलिमीटर. मी लिहिलं, इंचाचे पंचवीस, सुताचे तीन. सहा पंचवीस दीडशे, पाच तीन पंधरा. एकशे पासष्ट.

"केतकी, एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर," कोरक्या म्हणाला. "एक सूत म्हणजे तीन पूर्णांक एक सात पाच. तुम्ही लिहिलेली मापं किंचित कमी आहेत. बदलू का?"

"नको."

"फरक लहान आहे, परंतु..."

"डोकं नको खाऊ! अख्खा बाजार पंचवीस अन् तीनच धरतो. तू काय जास्त शहाणा आहेस?"

हे खरंही होतं. प्लायवूडच्या दुकानात जा, तीन मिलिमीटरची शीट म्हणजे एक सूत, पंचवीसची म्हणजे एक इंच. आमच्या कारखान्यात मी जन्मापासून हेच ऐकलं होतं. आबाजी स्वतः हेच म्हणायचे. पण आबाजी जिना करताना इंच इंचातच मोजायचे, त्याचे मिलिमीटर करायचेच नाहीत. हे माझ्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी मैत्रिणी तलावावर गेल्या होत्या आणि मी आकडे टाकत बसले होते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बाहेरून आबाजींनी विचारलं, "तपासलं ना गं?"

"हौ," मी ओरडले. तपासलं नव्हतं.

तीन आठवडे कोरक्या कोरत होता. प्रत्येक तुकडा आबाजी काचकागदानं घासायचे, मग डोळे मिटून दोन तुकड्यांच्या सांध्यावरून बोट फिरवायचे. "वा रे वा! सांधा आहे का नाही, समजतच नाही," म्हणायचे. सगळे तुकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. म्हणून कुणालाच शंका आली नाही.

आषाढ संपता संपता कठडा दोन भागांत जोडून वेधशाळेत नेला. सहारे मॅडमचे दोन विद्यार्थी तो धरून उभे राहिले. वरचं टोक वरच्या खांबात बरोबर बसलं. आबाजी आपल्या नळीतून बघत होते आणि लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. मग आम्ही कठडा दांड्यांच्या माथ्यावर टेकवायला गेलो, आणि तो टेकेना. पहिल्या दांड्यावर चिमूटभर फट. पाचव्यावर बोट जाईल एवढी. सगळ्यात खाली, चोवीसाव्या दांड्यावर, कठडा चक्क हवेत होता.

आबाजी एकेक पायरी उतरत गेले आणि प्रत्येक फटीत बोटं घालत गेले. खाली पोचल्यावर म्हणाले, "तीन इंच."

मग त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं.

"पोट्टे, इंचाचे किती धरले?"

मला सांगता आलं असतं की कोरक्या चुकला. कोरक्यानं उलट उत्तर दिलं नसतं, तो तिकडे कारखान्यात होता. तोंडापर्यंत आलं होतं. पण आबाजी माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत होते, आणि मला ते सहन झालं नाही.

"पंचवीस! पंचवीस धरले मी! सुताचे तीन! त्यानं विचारलं होतं अन् मी त्याला गप्प केलं!"

आबाजी रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली. "बाजारचं माप," ते म्हणाले आणि कठडा धरायला हात वर केला. कठडा हाताला लागला नाही, कारण तोवर विद्यार्थ्यांनी त्याचं खालचं टोक दांड्यांवरून बाजूला घेतलं होतं.

सहारे मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं. "केतकी, चुका दोन प्रकारच्या असतात. एक, कधी जास्त कधी कमी होणारी. तशा चुका काही प्रमाणात एकमेकींना खाऊन टाकतात. दुसरी पद्धतशीर चूक (दर वेळी एकाच बाजूला, एकाच मापानं होणारी चूक). तिला कुणी खात नाही. ती साचत जाते. प्लायवूडच्या एका शीटला केसभर फरक चालतो. तू तोच फरक पायरीच्या दर इंचाला आणि दर सुताला घेतलास, आणि तोही चोवीस पायऱ्यांना."

"आता काय?"

"आता मी छापील प्लास्टिकचा कठडा मागवते. दोन महिन्यांत येईल." त्या वाईट वाटूनच बोलत होत्या. "मला काम थांबवता येत नाही गं."

दोन महिने. पोळा महिनाभरावर आला होता.

त्यानंतर आबाजी कारखान्यात आले नाहीत. बाजेवर पडून राहायचे. मी जेवायला वाढलं की जेवायचे, नाही वाढलं की मागायचे नाहीत. शिसव संपलं होतं, पुढचं झाड पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी आबाजींच्या डोळ्यांपुढे अंधार असणार होता. जगात दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी कुणाशी बोलेना. शाळेतून आले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. असे तीन आठवडे मी नुसते रडण्यात घालवले, आणि त्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो.

शेवटी एक दिवस वेधशाळेत राहिलेली आमची हत्यारं आणायला गेले. कठडा दोरीनं बांधून दांड्यांवर लटकवून ठेवला होता, वरचं टोक खांबात तसंच. मला त्याचा इतका संताप आला की मी लाकडी पट्टी घेतली आणि प्रत्येक फट मोजायला लागले. स्वतःला टोचून घ्यायचं होतं, दुसरं काही नाही. पहिली फट एक सूत. दुसरी दोन सूत. तिसरी तीन. चौथी चार. मी खाली उतरत गेले, वहीत लिहीत गेले. दहावी दहा, विसावी वीस. चोवीसावी चोवीस सूत, म्हणजे तीन इंच, वर केसभर.

वहीच्या पानावर मी चोवीस उभ्या रेघा ओढल्या, फटींएवढ्या. त्यांची टोकं जोडली.

त्रिकोण! लांबलचक, चिंचोळा काटकोन त्रिकोण. बरोबर जिन्याचा एक त्रिकोण होता, माझ्या चुकीच्या कठड्याचा दुसरा, आणि दोघांमध्ये उरलेली फट हासुद्धा त्रिकोणच होता, तिथंच जिन्याभोवती गुंडाळलेला. कठडा वेडावाकडा नव्हता. त्याचा उतार फक्त थोडा कमी होता, आणि वरपासून खालपर्यंत सारखाच कमी होता. मग पहिल्या दांड्यावर एक सुताचा ठोकळा ठेवला, दुसऱ्यावर दोन सुतांचा, असं करत गेलं तर कठडा सगळीकडे टेकेल!

मी धावत कारखान्यात आले. "कोरक्या, एक ते चोवीस सूत जाडीचे ठोकळे. किती लाकूड लागेल?"

"बेरीज तीनशे सूत, म्हणजे साडेसदतीस इंच. इंच किती धरू?"

"पंचवीस पूर्णांक चार! अन् वरचं केसभरसुद्धा धर!"

"धरलं. शिल्लक लाकूड शून्य आहे, केतकी."

मी भिंतीवरच्या फळीवर पाहिलं. तिथं माझे बारा नंदी उभे होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी मिरवतात, तान्ह्या पोळ्याला आम्ही पोरंसोरं लाकडी नंदीबैल सजवून मिरवतो. माझ्या जन्मापासून आबाजींनी दर वर्षी एक नंदी केला होता, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. यंदा ते करू शकणार नव्हते. म्हणजे हे बाराच.

एकेक उचलून मी कोरक्याच्या टेबलावर ठेवला.

"हे आबाजींचं हातकाम आहे," कोरक्या म्हणाला. "कापू का?"

या वेळी मी त्याच्यावर ओरडले नाही. सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं. "काप," म्हटलं, आणि पातं फिरायला लागलं तेव्हा कान झाकून घेतले.

ठोकळे झाले, त्यांचे माथे कठड्याच्या उतारानुसार तिरपे झाले. सहारे मॅडमनी प्लास्टिकचा कठडा थांबवला. पोळ्याच्या दिवशी बसवायचं ठरलं. त्या सकाळी मी आबाजींना उठवायला गेले, म्हटलं, चला, तुम्हाला काही दाखवायचं आहे. त्यांनी चहा घेतला आणि कप टेबलाच्या बाहेर ठेवला. तो फुटला. ते तसेच बसून राहिले.

"पोट्टे, लाइट गेली का?"

खिडकीतून ऊन येत होतं. मग त्यांनाच कळलं. ते म्हणाले, "हं," आणि कपाचे तुकडे हातानं चाचपायला लागले.

कठडा त्या दिवशी बसला. सगळा टेकला, कुठंही फट नाही. मॅडमनी पाठ थोपटली. मला वाटलं होतं, दुरुस्त झालं की बरं वाटेल. नाही वाटलं. ते तीन आठवडे मी रडत बसले नसते तर आबाजींनी तो पाहिला असता.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावात पोरं नंदी मिरवत होती, "हर बोला हर हर महादेव" ऐकू येत होतं. मी आबाजींना हाताला धरून वेधशाळेत नेलं आणि त्यांचा हात कठड्यावर ठेवला.

ते उतरायला लागले. मी मागे. हात हळूहळू सरकत होता, आठ तुकड्यांच्या सात सांध्यांवरून गेला, कुठंही अडला नाही. खाली पोचल्यावर ते थांबले.

"वर हात कमरेला होता, इथं जरा उंच आला. तीन इंच." मग त्यांनी कठड्याखाली बोटं घातली आणि चोवीसावा ठोकळा चाचपला. त्याची एक बाजू मी कोरक्याला तशीच ठेवायला सांगितली होती. "हे यंत्राचं नाही. हे माझ्या पटाशीचं आहे. झूल आहे ही." बोटं पुन्हा फिरली. "हा मागच्या सालचा नंदी. किती कापले?"

"सगळे."

आबाजी शेवटच्या पायरीवर बसले आणि रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मीही शेजारी बसून रडले. वर गावातली हलगी वाजत होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी नाक पुसलं. "चुकली तर चुकली, पण सगळीकडे सारखी चुकली. म्हणून दुरुस्त झालं. एका जागीच गचका असता तर मी हात टेकले असते. पुढचं झाड पडंल तेव्हा आकडे तूच टाकजो."

"मी?"

"मंग कोन? इंच किती?"

"पंचवीस पूर्णांक चार."

"हौ. अन् मशीननं काही विचारलं तर ऐकजो."

आम्ही वर आलो. जिन्याच्या तोंडाशी आबाजी थांबले आणि खाली वाकून बघितल्यासारखं केलं. सवय होती ती.

"सांग, वरून कसा दिसते?"

मी पाहिलं. काळंभोर शिसव फिरत फिरत खाली उतरत होतं, खाली जाताना लहान होत होतं, आणि शेवटचं टोक आतल्या बाजूला थांबत होतं.

"गोल दिसतो, आबाजी."

"पूर्ण गोल? टोकाले टोक मिळते?"

"नाही. मिळत नाही. निघालं तिथं परत येत नाही."

"मंग बरोबर बसला," आबाजी म्हणाले, आणि माझा खांदा धरून घराकडे चालायला लागले.